उजव्या डोळ्याला सुट्टी

एक काम कर. तुझा उजवा डोळा तळहाताने झाक. बोटांच्या फटीतून बघायचं नाही, पक्का झाक. आता डाव्या डोळ्याने समोर बघ. दिसतंय ना सगळं? मग आता अशी कल्पना कर, की त्या डाव्या डोळ्यापुढे कुणीतरी पातळ ताक धरलंय. समोरचं दार म्हणजे नुसता एक काळा चौकोन. दारात कुणीतरी उभं आहे, पण ती आई की शेजारीण, ते कळत नाही. पायाशी काहीतरी आहे, पण तांब्या की मांजर, तेही कळत नाही. आणि वरून कुणी सांगतंय, "हात काढायचा नाही हं. दुपारपर्यंत असंच राहायचं."

तू काय केलं असतंस? मी तर लगेच हात काढला असता. पारूनेही तेच केलं.

पारूची गोष्ट फार जुनी आहे. तेव्हा आपल्याकडे निझामाचं राज्य होतं. हिंगोलीपर्यंत आगगाडी येई, पण डोंगरकडा गावाच्या बाजूला जायचं तर बैलगाडी नाहीतर आपले पाय. त्या डोंगरकड्याच्या अलीकडे, माळावर, एक तांडा होता. तांड्यातल्या लोकांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर धान्याच्या आणि मिठाच्या गोण्या लादून मुलूखभर फिरत. पुढे रेल्वे आली, ते काम गेलं आणि माणसं शेती करू लागली.

पारूला सहावं वर्ष लागलं होतं. घरात बाप हिरासिंग, आई भिकाबाई आणि बापाची आई नानीबाई. पारू तिला दादी म्हणे. दादीच्या घागऱ्यावर आरशाचे बारके बारके तुकडे शिवलेले होते आणि हातात मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्या. तिने नुसती कूस बदलली तरी खळखळ आवाज व्हायचा. दादी पाठीमागे आली की पारू न बघताच ओळखायची.

पारूचा डावा डोळा थोडा नाकाकडे वळलेला होता. त्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नव्हतं. पोरगी पळत होती, शेळ्या वळत होती, पडलेला दाणा वेचत होती. दोन डोळ्यांनी दिसतं म्हणजे दोन्ही डोळ्यांना दिसतं, असंच सगळे धरून चालले होते.

मग एकदा खळ्यावर ज्वारी उफणताना तिच्या उजव्या डोळ्यात भूस गेलं. डोळा सुजला. दादीने त्यावर ओल्या फडक्याची पट्टी बांधली आणि ती समोरच गप्प बसून राहिली. पारू अंगणात उभी राहून हाका मारू लागली.

"दादी! ए दादी! कुठं गेली?"

"हितंच बसून राहिले की. तुह्या म्होरं."

पारूने हात पुढे केले आणि चाचपडत आली. दादीने मुद्दाम हात हलवला. बांगड्या वाजल्या तशी पोर नीट तिच्याकडे वळली. म्हणजे पारूला दादी दिसत नव्हती, ऐकू येत होती.

सूज उतरल्यावर हिरासिंग तिला गाडीत घालून हिंगोलीला घेऊन गेला. तिथे अधूनमधून डोळ्यांचे एक डॉक्टर येत. त्यांनी एकेक डोळा झाकून तपासलं आणि म्हणाले, "डाव्या डोळ्याला रोग नाही. तो बघायला शिकलाच नाही. सगळं काम उजवा करतो." त्यांनी चष्मा करायला सांगितला. सोबत काळ्या कापडाची एक लहानशी खोळ दिली, चष्म्याच्या एका काचेवर चढवता येईल अशी. "चष्मा दिवसभर घालायचा. आणि रोज सकाळी ही खोळ उजव्या काचेवर चढवायची, ती दुपारपर्यंत. उजवा बंद झाला की डाव्याला बघावंच लागेल. रडेल ती, पण सोडू नका. आत्ता वय आहे. आठ-नऊ वर्षांची झाली, की मग हा डोळा जागा करणं फार अवघड."

चष्मा आला तेव्हा कापूस वेचणी सुरू झाली होती. तारेची गोल चौकट, कानामागे अडकवायला वाकवलेल्या तारा. पडू नये म्हणून भिकाबाईने त्याला मागून दोरा बांधला. पारूने तो घातला आणि पहिलं पाऊल टाकलं ते गुडघ्याएवढं वर उचलून.

"अशी काहून चालून राहिली?" भिकाबाईने विचारलं.

"जमीन वर आली, याडी," पारू म्हणाली. तांड्यात आईला याडी म्हणतात.

जमीन एक-दोन दिवसांत खाली गेली. चष्म्याची तिला तेवढी अडचण नव्हती. अडचण होती त्या काळ्या खोळीची. उजव्या काचेवर खोळ चढली की तांडा नाहीसा व्हायचा. ती शेळीच्या दाव्यात अडकून पडली. तिने दार समजून भिंतीला हात लावला. आणि शेजारचा भावसिंग, तिच्याहून थोडा मोठा, तिला पाहून ओरडला, "अरे, घाण्याचा बैल आला! आणा रे तीळ, तेल काढा!"

तेल्याच्या घाण्याला फिरणाऱ्या बैलाच्या डोळ्यांवर झापड असते, हे पोरांनी डोंगरकड्याच्या बाजारात पाहिलं होतं. झालं. पारू दिसली की पोरं गोल गोल फिरायची.

पारूने चष्मा कडब्यात लपवला. तिथून काढून घालायला लावला, तर कवड्यांच्या मडक्यात खुपसला. हिरासिंग आणि भिकाबाई दिवस उगवताच शेतात जात. जाताना खोळ चढवून जात आणि मागे राही ती दादी आणि रडणारी पारू.

आता दादीचं ऐक. तिचं लहानपण बैलांच्या तांड्याबरोबर गेलं होतं. बाप चालायचा पुढे, बैल मधे आणि ही मागे. बापाचा एक नियम होता. ज्या बैलाच्या पाठीला जखम झाली, त्याच्यावरचं वझं त्याच दिवशी उतरवायचं. तो मोकळा चालेल. त्याची गोणी धडधाकट बैलावर चढेल. जो हा नियम मोडायचा त्याला तांड्यात कुणी चिलीम देत नसे.

आणि इथे तर उलटंच चाललं होतं. चांगला डोळा झाकून आरामात ठेवायचा आणि कमजोर डोळ्याच्या पाठीवर सगळं वझं! दादी मनात म्हणाली, डॉक्टर शिकलेला माणूस, तो असं सांगायचा न्हाई. हिऱ्याच ऐकायला चुकला असंल. लहानपणापासून त्याचं ध्यान कुठं ठिकाणावर ऱ्हातं!

पारू पुन्हा एकदा उंबऱ्याला अडखळून रडली, तशी दादीने इकडेतिकडे पाहिलं, उजव्या काचेवरची खोळ काढली आणि डाव्या काचेवर चढवली.

पारूचं रडं थांबलं. तिने वर पाहिलं. "दादी, तू दिसली!"

"दिसणारच की. आता रडू नको, माय."

त्या दिवसापासून पारूने चष्मा लपवला नाही. ती शेळ्यांमागे पळू लागली. भावसिंगने "घाण्याचा बैल" म्हटलं, की ती नेम धरून त्याला ढेकूळ मारी आणि ते बरोबर लागे. दुपारी दादी खोळ काढून ठेवी. संध्याकाळी हिरासिंग विचारी, "रडली का आज?" दादी म्हणे, "न्हाई बा. गुणाची पोरगी हाय." हिरासिंग खूश. भिकाबाई खूश. दादी सगळ्यात जास्त खूश.

संक्रांत उलटल्यावर पारूला पुन्हा दाखवायला न्यायचं होतं. या वेळी दादीही गाडीत बसली. शाबासकी मिळणार होती, मग घरी काहून बसायचं?

डॉक्टरांनी पारूचा उजवा डोळा झाकला. थोडं दूर उभं राहून बोटं दाखवली. "किती?"

पारूने डोळा बारीक केला.

ते पुढे आले. पुन्हा बोटं दाखवली. पारू मान वाकडी करून झाकलेल्या डोळ्याच्या फटीतून बघायला लागली. डॉक्टरांनी कागद चाळून पाहिले आणि कपाळाला आठ्या घातल्या. "काडीचा फरक नाही. रोज खोळ घालत होता?"

"रोज, साहेब," हिरासिंग म्हणाला. "रडतबी न्हाई आता."

"रडत नाही?" डॉक्टर थबकले. "कोणत्या काचेवर घालता?"

हिरासिंगने उजव्या काचेवर बोट ठेवलं. मागून दादी म्हणाली, "त्याला काय इचारता साहेब, त्याला कळत न्हाई. म्या डाव्या काचेवर घालून राहिले. पाठ दुखणाऱ्या बैलावर कुणी वझं घालतं का?"

हिरासिंगने डोक्याला हात लावला. डॉक्टर मात्र रागावले नाहीत. त्यांनी खुर्ची ओढून दादीला बसायला सांगितलं.

"जखमी बैलाचं वझं उतरवायचं, बराबर आहे," ते म्हणाले. "पण आजी, एखादा बैल धडधाकट असतो. जखम नाही, काही तकलीफ नाही. तरी जोडीदारावर सगळं सोडून आपला नुसता बाजूने चालत राहतो. असा पाहिला का कधी?"

"लई पाह्यले! गाडीला अन् नांगराला आसे लई भेटतात. मान नुसती जुवाखाली ठेवतात, वढायचं नाव न्हाई."

"मग त्याला काय करता?"

"काय करायचं? जोडीदाराला सोडायचं मोकळं. याला एकल्यालाच जुपायचं हलक्या कामाला. मंग काय करतो? वढतो झक मारून..."

दादी बोलता बोलता थांबली. तिने पारूकडे पाहिलं, मग त्या काळ्या खोळीकडे. बांगड्यांचा हात हळूच तोंडावर गेला.

"मंजी म्या... म्या आळश्यालाच झोपू दिलं?"

"इतके महिने," डॉक्टर म्हणाले. "ते काही परत यायचे नाहीत. पण पोर अजून लहान आहे. आजपासून लागलात तर जमेल. अजून थोडे दिवस असेच गेले, तर मला विचारू नका."

परतीच्या वाटेवर दादी वरचेवर पारूच्या डोक्यावरून हात फिरवत होती आणि पारूला कळत नव्हतं, की आज दादीला झालंय तरी काय.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोळ उजव्या काचेवर गेली. आता तूच विचार कर. एवढे दिवस सगळं दिसत होतं, आणि ज्या दादीने ते दिसायला लावलं, तीच आता झाकून राहिली! पारूने अंगण डोक्यावर घेतलं.

"तू खोटी! तूच म्हनली रडू नको, तूच काढली, अन् आता तूच घालून राहिली!"

"व्हय, माय. चुकलं माझं."

"मंग काढ!"

"न्हाई काढायची."

पारूने चष्मा ओढून फेकला. तो शेणाच्या पाटीत पडला म्हणून काच वाचली. दादीने तो उचलला, धुतला, ओढणीने पुसला आणि मांडीवर घेऊन बसली. रागावून पोर ऐकणार नव्हती. समजावून सांगावं, तर पाच-सहा वर्षांच्या पोरीला आठ-नऊ वर्षांचं भय काय कळणार? दादीला बापाचा गोऱ्हा आठवला. कोवळ्या गोऱ्ह्याच्या पाठीवर बाप पहिल्या दिवशी गोणी टाकत नसे. नुसतं रिकामं पोतं टाकी आणि जवळ उभा राही. मग भुसा भरलेलं पोतं. थोडंच चालवी, गूळ चारी आणि सोडून देई. गोऱ्ह्याला एकदा कळलं की वझं उतरतं, मग तो ते घ्यायला तयार होई. धान्याची गोणी ही पुष्कळ पुढची गोष्ट.

आणखी एक गोष्ट दादीला आठवली. तिच्या स्वतःच्याही एका डोळ्यावर पडदा आला होता. दुसऱ्याने दिसायचं, म्हणून तिने ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं. तिने ओढणीचं टोक घेतलं, आपला चांगला डोळा घट्ट बांधला आणि उठून ताकाच्या मडक्याकडे गेली. भरलेली वाटी मडक्याच्या बाहेरच उपडी झाली. ताक सगळं पायावर. मांजर धावत आलं. दादीचा पाय मांजरावर पडला, मांजर ओरडलं, दादीही ओरडली.

पारू रडता रडता थांबली. "दादी, काय करून राहिली?"

"ताक पिऊन राहिले."

"ते पायावर सांडलं!"

"मला काय दिसतंय? तूच सांग वाटी कुठं हाय."

पारू हसायला लागली. मग तिने येऊन दादीचा हात धरला आणि वाटी दाखवली. दादी तशीच खाली बसली. डोळा बांधलेलाच होता आणि तिला आता कळत होतं, की पोर रोज कसल्या अंगणात फिरत होती.

"आस्सं दिसतं व्हय तुला?" ती हळूच म्हणाली. "ऐक. म्याबी बांधते, तूबी बांध. छपराची सावली ह्या उंबऱ्याला लागली की दोघींनी सोडायचं. पक्कं. सावली लागली की म्या एक घडीबी जास्त धरायची न्हाई."

पारूने उंबऱ्याकडे पाहिलं. सावली अगदी जवळ होती. तिने डोकं पुढे केलं.

पहिल्या दिवशी दोघींनी काही केलं नाही. नुसत्या मांडीला मांडी लावून बसल्या. सावली उंबऱ्याला लागली तशी दादीने बोलल्याप्रमाणे सोडलं आणि पारूच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. मग हळूहळू सावलीची खूण पुढे सरकू लागली. उंबऱ्यावरून चुलीजवळच्या दगडाकडे, तिथून जात्याकडे. आणि रिकामं बसणं संपून काम सुरू झालं. सुरुवातीला कांदे आणि वांगी वेगळी करायची. रंग तर कळतो, मग हात जातो. त्यानंतर मोठ्या कवड्या आणि लहान कवड्या. दादीच्या मांडीवर तांबडं फडकं, त्यावर पांढऱ्या कवड्या, म्हणजे आळशी डोळ्याला सोपं जावं. दादीच्या कवड्या पारूपेक्षा जास्त चुकायच्या.

"दादी, ही मोठी हाय. काहून बारक्यात टाकली?"

"आगं मपला डोळा तुझ्यापरीस आळशी हाय. बोल त्याला."

एकदा भावसिंग कुडाजवळ येऊन उभा राहिला. डोळा बांधलेली पारू, डोळा बांधलेली म्हातारी.

"दादी, तूबी घाण्याचा बैल?"

"व्हय. अन् तू तेली हाय का? ये, बस. तेल काढ."

भावसिंग येऊन बसला. त्याला राहवेना, म्हणून त्यानेही आपला एक डोळा हाताने झाकला. "हॅत्! मला तर सगळं दिसतंय."

"तुझे दोन्ही शिकून मोठे झाले," दादी म्हणाली. "तिचा एक आत्ता कुठं शाळंत गेलाय. पाटीवर पह्यली रेघ वढून राहिला. त्याला हसतो व्हय रे?"

भावसिंगने मान खाली घातली. मग कवड्यांत हात घातला आणि मूठ उघडून पुढे करत म्हणाला, "पारू, वळख. किती?" पारूने तळहातावर नाक टेकवून पाहिलं आणि चुकीचं सांगितलं. तो रोज येऊ लागला. ती रोज चुकायची. मग कधी बरोबर यायचं. पुढे पुढे तिचं नाक तळहातापासून लांब राहू लागलं, हे भावसिंगच्या आधी दादीच्या लक्षात आलं.

शिमग्याच्या आदल्या दिवशी दादीने एक खोडी केली. पारू खोळ लावून शेळीजवळ बसली होती. दादीने हातातल्या सगळ्या बांगड्या कोपराकडे घट्ट सारल्या, वर फडकं गुंडाळलं आणि अंगणाच्या पार टोकाला, बाभळीखाली, शेजारच्या बायांमध्ये जाऊन उभी राहिली. कुणाला बोलू दिलं नाही. पारूने मान वर केली. उठली. थोडी चालली, थांबली, डोकं तिरकं केलं. मग नीट येऊन दादीच्याच घागऱ्याला धरलं.

"बांगड्या काहून बांधल्या?" तिने विचारलं.

दादीने ओढणी तोंडाला लावली. शेजारणी म्हणाल्या, "आवं, हसून राहिल्या की रडून राहिल्या?"

शिमगा झाल्यावर गाडी पुन्हा हिंगोलीला निघाली. डॉक्टरांनी उजवा डोळा झाकला आणि पहिल्यापेक्षा लांब उभे राहिले. बोटं दाखवली. पारूने सांगितलं. ते आणखी मागे सरकले. पारूने सांगितलं. भिंतीपर्यंत गेल्यावर ती चुकली, तरी डॉक्टर हसत होते.

"जागा होतोय. अजून पुष्कळ वाट चालायची आहे, पण आता तो मागे बसून राहणार नाही." मग ते दादीकडे वळले. "या वेळी खोळ कोणी सांभाळली?"

"साहेब, आता इचारू नका," दादी म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्या डोळ्यावरचा पडदाही पाहिला. तो काढता येतो, म्हणाले. "बघू मंग," दादी म्हणाली, "आधी हिचं होऊ द्या."

बाहेर आल्यावर दादीने पारूच्या चष्म्यावरची खोळ काढून तिच्या हातात दिली. "आज दोघींनाबी सुट्टी. सावली-बिवली काही बघायची न्हाई. घरी जाईपर्यंत दोन्ही डोळ्यांनी बघ."

हिरासिंगने बैल जुंपले. गाव मागे पडलं. दोन्ही बाजूंना कापूस निघून गेलेली काळी रानं आणि पळसाला लालभडक फुलं. पारू गाडीच्या मागच्या टोकाला पाय सोडून बसली होती. ती थोडा वेळ पळसाकडे बघत राहिली. मग तिने चष्मा काढला, मुठीतली काळी खोळ स्वतःच्या हाताने उजव्या काचेवर चढवली आणि चष्मा पुन्हा कानांमागे अडकवला. एकदा मागे वळून दादीच्या तोंडाकडे पाहिलं. आणि हात लांब करून दादीच्या ओढणीचं टोक तिच्या चांगल्या डोळ्यावर ओढून धरलं.